एलएसटीचं हँडल

खैरपाड्यात येऊन हिरामण गोमा पेमारे यांचं घर कुठलं असं विचारलं, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हँडलनानांचं घर विचारा. मग दुकानाच्या फळीवर बसलेला माणूस चहाचा ग्लास खाली न ठेवता नुसत्या हनुवटीनं दाखवतो: फणसाच्या मागं, निळ्या दाराचं. आणि तुम्ही चार पावलं पुढे गेलात की मागून सांगतो, "यष्टीत व्हते. कंट्रोलरशी वाजलं, तवा गाडीचं हँडलच बोरघाटात फेकून दिलं. तशी नोकरी गेली."

ही गोष्ट कशेळ्याच्या बाजारापासून कर्जतच्या स्टँडपर्यंत पाठ आहे. लग्नाच्या मांडवात जेवणं उरकली की निघते, आणि सांगणारा प्रत्येक जण तिला आपल्या परीनं तिखटमीठ लावतो. कुणाच्या गोष्टीत हँडल दरीत पडतं, कुणाच्या गोष्टीत कंट्रोलरच्या टोपीवरून जातं. एकाच्या गोष्टीत तर पन्नास प्रवासी टाळ्या वाजवतात. गोष्ट झकास आहे, प्रश्नच नाही. तिच्यात खोट एवढीच, की हिरामण पेमारे एसटीच्या नोकरीत एक दिवसही नव्हते. एसटीतून प्रवास केला, तोही बहुतेक उभ्यानं, एवढाच काय तो संबंध.

ते होते एलएसटीवर. एलएसटी म्हणजे रणगाडे वाहून नेणारं लढाऊ जहाज. त्याला बंदर लागत नाही, धक्का लागत नाही. तळ परातीसारखा सपाट, त्यामुळे ते सरळ किनाऱ्यावर येतं आणि वाळूत नाक खुपसून बसतं. मग नाकाचे दोन दरवाजे कपाटासारखे उघडतात, आतली लोखंडी उतरण खाली पडते आणि पोटातले रणगाडे, ट्रक, जवान बाहेर निघतात. त्या उतरणीला म्हणतात रॅम्प. रॅम्पच्या ब्रेकला दीड हात लांबीचं एक लोखंडी हँडल असायचं, ते ओढल्याशिवाय रॅम्प सुटत नसे, आणि ते हँडल हिरामणच्या ताब्यात होतं. म्हणजे हँडल खरं, फेकलं तेही खरं. मधल्या मध्ये एक 'एल' तेवढा हरवला.

तो एल गिळला नानांच्या आईनं.

अडुसष्ट साली अठरा वर्षांचा हिरामण कुणाला न सांगता मुंबईला गेला आणि नौदलात भरती झाला. घरी फक्त सरकारी नोकरी लागल्याचं कळवलं. दहा वर्षांत चारदा रजेवर आला, तोही साध्या कपड्यांत. अठ्ठ्याहत्तरला पत्र्याची पेटी घेऊन कायमचा परतला, तेव्हा आईनं विचारलं, का रं सोडली? ती बिचारी नदीपलीकडे फारशी गेली नव्हती. समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. हिरामणनं सांगितलं, "आय, मी एलएसटीवर व्हतो. साहेबाचा हुकूम ऐकला नाय. हँडल फेकलं. मंग त्यांनी पुढं ठेवला नाय." आईनं त्यातलं जेवढं उमजलं तेवढं उचललं. त्याच वर्षी गावाच्या फाट्यावर एसटी थांबायला लागली होती आणि ड्रायव्हरच्या खाकी सदऱ्याला केवढा तरी मान होता. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं बडवता बडवता तिनं बायकांना सांगून टाकलं, "माजा हिरामन यष्टीत व्हता. हँडल फेकून आला, पन मान नाय वाकवली." आणि हे तिनं अभिमानानं सांगितलं, हे लक्षात ठेवा.

हिरामण दुरुस्त करायला गेला, तर म्हातारीचा चेहरा पडला. "मंग आता मी गावात खोटी पडू का रं?" एवढंच म्हणाली. झालं. साहेबाचा शब्द मोडणारा माणूस आईचा शब्द मोडू शकला नाही. म्हातारी अठरा वर्षं जगली, आणि अठरा वर्षं हा गडी तोंड मिटून एसटीचा झाला.

ती गेली, तेराव्याचं जेवण झालं, आणि नाना कामाला लागले. भेटेल त्याला एल शिकवायला लागले. पण बूंद से गयी ती हौदानं येते का? लोक हसायचे. "नाना, तुमची यष्टी पान्यात बी चालायची म्हनता?" नाना म्हणायचे, "चालायची. तुज्यासारखी दोनशे येडी बसवून चालायची." लोक आणखी हसायचे, आणि गोष्टीत एक नवं वाक्य वाढायचं.

आता तुम्ही म्हणाल, नौदलातून आलेल्या माणसाजवळ कागद असतोच, तो दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. कागद होता. पत्र्याच्या पेटीत तळाला, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं नोकरीचं पुस्तक होतं. पहिल्या पानावर नाव, फोटो, जहाजाचं नाव. नवव्या पानावर लाल शाईतल्या चार ओळी. त्या चार ओळींपायी पुस्तक बाहेर निघत नव्हतं. हे फक्त दोघांना ठाऊक होतं: नानांची बायको जनी, आणि वरच्या ठाकूरवाडीतला धाऊ, लहानपणापासूनचा मैतर.

स्वतःबद्दल गप्प असले तरी जहाजाबद्दल नाना कधीच गप्प बसले नाहीत. तिचं नाव अरणा. अरणा म्हणजे रानरेडा. नाव रेड्याचं, पण नाना तिला 'ती' म्हणतात, आणि त्यावर वाद घालायचा नाही. तिची सगळी चाकरी त्यांना आरतीसारखी मुखोद्गत आहे. पंचेचाळीस साली विलायतेत बांधली. मोठ्या लढाईसाठी बांधली आणि लढाईला पोचायच्या आत लढाईच संपली, तेव्हा घरी परतणारे सैनिक वाहून नेले. मग हिंदुस्थानाकडे आली, जुनी पण धडधाकट. अंदमानला ट्रॅक्टर नेले, तांदूळ नेला, एकदा दोन हत्ती नेले आणि त्यातल्या एकाला समुद्र लागला. वादळ झालं की ओडिशाकडे धान्य, पूर आला की होड्या. चाल बैलगाडीची. तळ सपाट, त्यामुळे साध्या लाटेवरही ती अशी डोलायची की जेवणाचं ताट एका हातानं धरून दुसऱ्यानं जेवायचं. खलाशी म्हणायचे, एल म्हणजे लार्ज, एस म्हणजे स्लो आणि टी म्हणजे टार्गेट: मोठं, मंद आणि नेम धरायला सोपं. नाना हे सांगून स्वतः हसतात. दुसरं कुणी हसलं तर त्यांना खपत नाही.

शेवटी ती मुंबईत तोडली. तोवर नाना खालापूरच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. तोडलेल्या जहाजांचे पत्रे तिथं ट्रकनं यायचे, भट्टीत तापून सळया होऊन बाहेर पडायचे. चोवीस वर्षं नाना प्रत्येक ट्रकवर चढून पत्र्यावरचा रंग नखानं खरवडून बघायचे. अरणा सापडली नाही. पण तेव्हापासून त्यांचं ठाम मत आहे की ती सळया होऊन कर्जत-खालापुरातल्या कुठल्या तरी स्लॅबमध्ये शाबूत आहे. नवं घर बांधलेल्या माणसाला ते म्हणतात, "नीट वाग. तुज्या डोक्यावर लढाऊ जहाज हाय."

तर असे हे हँडलनाना यंदा पंचाहत्तरीला पोचले, आणि ग्रामपंचायतीनं ठराव केला की गावातून वर्दीत देशाची चाकरी केलेल्यांची नावं काळ्या दगडावर कोरायची. सव्वीस जानेवारीला फलक उघडायचा. पाच नावं ठरली: तीन फौजेतली, दोन पोलिसांतली. नानांचं नाव नव्हतं. एसटीची वर्दी खाकी असली तरी ती धरायची नाही, असं फलकाच्या समितीचे अध्यक्ष योगेंद्र गुरुजी यांनी स्पष्ट केलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आहेत, पण शाळा गुरुजींमधून निवृत्त झालेली नाही.

सरपंच हर्षला वयानं नानांच्या नातीएवढी. तिला नानांचा लळा होता. ती लहानपणी त्यांच्या ओट्यावर बसून अरणाच्या गोष्टी ऐकायची आणि गावात ती आणि धाऊ अशी दोनच माणसं एलसकट नाव घ्यायची. ती संध्याकाळी नानांच्या घरी आली.

"नाना, तुमच्याकडं कागद हाय का काय? नुसतं पयलं पान दिलंत तरी पुरे. नाव, जहाज, साल. मी झेरॉक्स काढते, गुरुजींच्या म्होरं ठेवते, सहावं नाव कोरून टाकते. पुढची पानं कोन बघतं?"

जनी तांदूळ निवडत होती. सुपातली नजर वर न करता म्हणाली, "द्या की. सेहेचाळीस वर्सं मी हँडलची बायको म्हनून वावरले. बाजारात बी बांगडीवाला इचारतो, काय हँडलमामी? आता तरी नीट नावाची होऊ द्या."

खरं तर एवढं सोपं होतं. पेटी उघडायची, एक पान द्यायचं. नानांना ते पान द्यायचं नव्हतं असं नाही. जन्मभर तेच तर हवं होतं, की गावानं एकदा म्हणावं, हा आमचा हिरामण समुद्रावर होता. आणि आता ते दारात चालून आलं, तर माणसाच्या मनात वेगळंच शिरलं. पहिलं पान द्यायचं आणि नववं लपवायचं, म्हणजे इतकी वर्षं गाव खोटं सांगत होतं, आता आपण खोटं सांगायचं. शिवाय नवव्या पानाची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. ते इतरांना समजणार नाही एवढीच भीती होती, आणि पंचाहत्तराव्या वर्षी अशी भीती बाळगायची म्हणजे कमाल झाली.

"आख्खं पुस्तक आनतो," ते म्हणाले. "ग्रामसभेत वाचायचं. सगळी पानं. मंग ठरवा."

जनीनं सूप खाली ठेवलं. "आन् त्यांनी नको म्हनलं तर?"

"तर माजं नाव नको. पन पयल्या पानाचा हिरामन निराळा आन् नवव्याचा निराळा, असं नाय करनार मी."

जनी म्हणाली, "मेल्यावर बी भांडाल तुमी." पण पेटीची किल्ली तिनंच काढून दिली.

रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या सभागृहात माणसं जमली. एरवी पाण्याच्या नळावरून सभा होते तेव्हा कुणी फिरकत नाही. हँडलनाना पुस्तक आणणार म्हटल्यावर जिन्यापर्यंत गर्दी. नाना धुतलेला पांढरा सदरा घालून आले. धाऊ भल्या पहाटे वाडीवरून निघून आला होता आणि मागच्या भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नाही.

हर्षलानं फडकं सोडलं. पहिलं पान वाचलं: हिरामण गोमा पेमारे, नौदल, जहाज अरणा. सभागृहात कुजबूज झाली. दुकानाच्या फळीवर चहा पिणारा तो माणूस मोठ्यानं म्हणाला, "आयला, म्हंजी खरंच बोट व्हती?" नाना त्याच्याकडे बघून म्हणाले, "तीस वर्सं काय सांगतोय मंग?"

मग हर्षला नवव्या पानाशी आली आणि थांबली. तिनं नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "वाच गं. मराठीत सांग."

"दोनदा दिलेला हुकूम पाळायला नकार दिला," तिनं वाचलं. "रॅम्पच्या ब्रेकचं हँडल जाणूनबुजून समुद्रात टाकलं. चौदा दिवस कोठडी. दंडावरची पट्टी काढून घेतली."

योगेंद्र गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हिरामणराव," ते म्हणाले, "ही लढाईच्या वेळची नोंद आहे?"

"एकाहत्तरची."

"लढाईत हुकूम मोडला. मग हे नाव मुलांसमोर दगडावर कसं कोरायचं, ते तुम्हीच सांगा."

"सांगतो," नाना म्हणाले आणि उभे राहिले.

एकाहत्तरच्या डिसेंबरात अरणा पूर्वेकडच्या एका किनाऱ्यावर चालली होती. पोटात दीडशे जवान, प्रत्येकाच्या पाठीवर भरलेली पिशवी, बंदूक, गोळ्या. डोंगराकडची पोरं, निम्म्यांना पोहता येत नव्हतं. सकाळचे साडेसात वाजले होते, ऊन पडलं होतं. अरणानं मागचा नांगर टाकला, पुढे गेली आणि वाळूवर चढून थांबली. नाकाचे दरवाजे उघडले. हिरामण हँडलवर हात ठेवून उभा होता आणि रॅम्पच्या कडेच्या फटीतून बाहेर बघत होता. समोर लाट फुटत होती, पाणी पिवळं, खळखळतं. त्यापलीकडे साठ-सत्तर फूट रुंदीचं पाणी काळसर आणि गप्प. मग परत बारीक लाट, आणि मग किनारा.

"मला कळलं, की आपन किनाऱ्याला नाय लागलो," नाना सभेला सांगत होते. "आपन दांड्यावर चढलोय."

दांडा म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उंचवटा. तो काय असतो हे खैरपाड्यात कुणाला समजवावं लागत नाही. पेज नदीत ते जागोजाग आहेत. आणि पेजेचं पाणीही इतर नद्यांसारखं नाही. भिवपुरीच्या पावरहाऊसमधून पाणी सुटलं की भर उन्हाळ्यात नदी चढते, बंद झालं की उतरते. त्या चढउतारात हिरामण आणि धाऊ लहानाचे मोठे झाले, मासे पकडत. समुद्राची भरती-ओहोटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हिरामणला नवल वाटलं नव्हतं. एवढंच मनात आलं होतं, की यांचं पावरहाऊस मोठं दिसतंय.

तर त्यानं साहेबाला सांगितलं, पुढं खोल आहे, जवान उतरवू नका. साहेब तरुण होता, वाईट नव्हता. त्याच्या हातातल्या नकाशात तिथं छातीभर पाणी होतं, आणि किनाऱ्यावर त्यांची वाट बघणारी माणसं होती. तो म्हणाला, रॅम्प सोड. हिरामण म्हणाला, थोडं थांबा, भरतीचं पाणी चढतंय, जहाज आपोआप उचलेल. साहेब परत म्हणाला, रॅम्प सोड. मागं जवान उठून उभे राहिले होते. पहिल्या रांगेतला एक पोरगेला जवान हिरामणकडे बघून हसला, कारण त्याला भाषा कळत नव्हती. साहेबानं दुसऱ्या खलाशाला पुढे यायची खूण केली.

"तवा मी हँडल खोबणीतून उपसलं," नाना म्हणाले, "आन् फटीतून समुद्रात दिलं टाकून."

दुसरं हँडल जहाजाच्या पार मागच्या कोठारात होतं. ते शोधून आणेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्यात भरती चढली, अरणाचं नाक हललं, कप्तानानं नांगराच्या जोरावर तिला मागं ओढलं आणि तीन फर्लांग वर नेऊन पुन्हा वाळूत घातली. तिथं पाणी कमरेएवढं होतं. दीडशेच्या दीडशे जवान चालत किनाऱ्याला गेले. तो हसणाराही गेला. कुणाच्या नाकात पाणी गेलं नाही.

चौथ्या दिवशी कप्तानानं हिरामणला समोर उभं केलं. तो म्हणाला, तू चुकलास असं मी म्हणत नाही. पण तू बरोबर होतास हे लिहायला माझ्याकडे काही नाही. हुकूम मोडलास, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं. आणि जे पाहिलं ते त्यानं लाल शाईनं लिहिलं. पुढे सहा वर्षं हिरामणला बढती मिळाली नाही, आणि दहा वर्षं भरल्यावर त्याला ठेवून घेतलं नाही.

नाना थांबले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "म्हणजे त्या पहिल्या जागी कुणी उतरलंच नाही."

"नाय."

"कुणी बुडालं नाही."

"नाय."

"मग तिथं खोल होतं याला पुरावा काय?"

गुरुजींनी हे खोडसाळपणानं विचारलं नव्हतं. पण या एका प्रश्नासाठी नानांनी पुस्तक पेटीत दडवलं होतं, आणि तो शेवटी आलाच. पन्नास वर्षांत त्यांनी स्वतःला हे किती वेळा विचारलं होतं याची गणती नाही. मग त्यांना राग आला, आणि रागानं आवाज चढला.

"दोन पोरं बुडाली असती ना गुरुजी, तर मी खरा ठरलो असतो. तुमी आज माज्यासाठी हार आनला असता. नाय बुडाली, म्हनून मी गुन्हेगार. असू द्या. मला ती पोरं जिती बरी वाटली. उद्या परत अरणावर उभं केलंत, तर मी परत हँडल फेकीन. आन् परत चौदा दिस आत बसंन. पुरावा नाय माज्याकडं. कोरायचं नसंल तर नका कोरू, पन मला चुकलो म्हनायला लावू नका."

जनी बायकांत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. तिला रडू आलं होतं आणि ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

तेव्हा मागच्या भिंतीपासून धाऊ बोलला. सभेत तो जन्मात कधी बोलला नव्हता.

"मी एक इचारू का? हितं किती जनांची पोरं नदीवर जातात?"

सगळ्यांचीच जात होती.

"दांड्याच्या मागं गप पानी दिसलं, तर त्यात पोर सोडनार का कुनी? गुरुजी, तुमी सोडाल तुमची नात? आमचा बाप सांगायचा, बोलतं पानी गुडघाभर, मुकं पानी डोईभर. हिरामनला त्यानंच शिकवलं. साहेबाला कोन शिकवनार? त्याच्या गावाला पेज नाय. पन तुमच्या गावाला हाय ना? मंग तुमाला कसला पुरावा पायजे?"

पंचवीस वर्षांपूर्वी शाळेची सहल नदीवर नेली होती, तेव्हा गुरुजींनीच पोरांना ओरडून दांड्यावरून मागं बोलावलं होतं. हे सभागृहातल्या निम्म्या बापांना आठवत होतं, कारण ती पोरं तेच होते. शेवटी गुरुजी म्हणाले, "मी नसती सोडली." मग हर्षलाकडे वळून म्हणाले, "घे नाव. हिरामण गोमा पेमारे, नौदल."

"नुसतं नौदल नाय," नाना म्हणाले. "जहाजाचं नाव पायजे. माज्यापेक्षा चाकरी तिची जास्त. आन् हँडल पायजे."

"हँडल?"

"फेकलं असं लिवा. गाव तेच सांगतंय ना इतकी वर्सं? तेवढं तरी खरं सांगत व्हतं."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. पण सभेनं हात वर केले, आणि हर्षलानं कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: 'हिरामण गोमा पेमारे. एलएसटी अरणा. १९७१. हँडल फेकलं.'

दगड पंचवीस जानेवारीला दुपारी आला. कर्जतचा साईनाथ पाथरवट टेंपोतून घेऊन आला, चार गड्यांनी उतरवला, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभा केला. काम सुबक होतं. पाच नावं वाचून झाली आणि सहाव्या ओळीशी हर्षलाचं बोट थांबलं.

'हिरामण गोमा पेमारे. एसटी अरणा. १९७१. हँडल फेकलं.'

साईनाथ बिचारा कौतुकाच्या अपेक्षेनं उभा होता. "ताई, तुमच्या कागदात एल चुकून जास्तीचा पडला व्हता," तो म्हणाला. "मी काढला. हँडलनानांची गोष्ट मला बापानं सांगितलेली हाय ना."

गुरुजी म्हणाले, दगड बदला. साईनाथचा चेहरा उतरला. नवा दगड कोरायला आठ दिवस लागतील म्हणाला. उद्या तर झेंडा. कुणी म्हणालं त्या ओळीवर कागद चिकटवा, कुणी म्हणालं कार्यक्रम पुढे ढकला. जनीनं कपाळ बडवून घेतलं. "मेली यष्टी सोडंना आमाला," ती म्हणाली.

नाना पुढे आले. त्यांनी ती ओळ वाचली. बोटानं ती अक्षरं चाचपली. मग ते मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. नदीवर धुणं बडवणारी आई त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती: मान ताठ, हातात धोपटणं, आणि जगाला ठासून सांगतेय, माजा हिरामन यष्टीत व्हता.

"छिन्नी दे रं," ते साईनाथला म्हणाले.

चोवीस वर्षं फिटर होता माणूस, हात अजून चालत होता. शाळेतलं पोर विसरलेलं अक्षर वरती लिहितं तशी नानांनी 'एसटी'च्या आधी एक खूण कोरली आणि तिच्यावर लहानसा 'एल' काढला. अर्धा तास लागला. एल थोडा कलता आला.

गुरुजींना राहवलं नाही. "हिरामणराव, दगडावर खाडाखोड बरी दिसत नाही. नवा दगड आला की हा काढून टाकू."

नानांनी छिन्नी साईनाथच्या हातात दिली आणि सदऱ्यावरची भुकटी झटकली.

"खाडाखोड कुठं हाय गुरुजी? खालचं आयचं हाय, ते मी खोडनार नाय. वरचं माजं हाय, ते कुनी खोडायचं नाय."